कॉकपिटच्या पत्र्याले खाचा

वरोरा, रविवार, संध्याकाळ

कॉकपिट उभं झालं. घरच्या खोलीत, कॉम्प्युटरवर विमान उडवाच्या खेळासाठी, नेटवरच्या नकाशावरून. घाईत लिहून राह्यलो, अक्षर वाकडं येते, येऊ दे.

सकाळी मात्र डोकं धरून बसलो होतो. नकाशात डावी बाजू सपाट पत्र्याची आहे. मी पत्रा घेतला अन् त्याले सरळ कूलरसारख्या खाचा पाडून टाकल्या. जन्मभर कूलरच बनवले, पत्रा दिसला की हात आपोआप छिन्नी मारते. विमानाले खाचा काऊन पाहिजेत? पण रविवारी पत्र्याचं दुकान बंद, म्हणून तोच ठोकला.

"विमान बनवलं का कूलर?" सुनंदा म्हणाली. बायको आहे, बोलणारच. या खोलीसाठी तिनं आपली शिलाई मशीन ओसरीत नेली.

दुपारी कॉम्प्युटर लावला, जुन्या व्हॅनच्या सीटवर बसलो अन् नागपूरवरून उडालो. खरंच उडालो. पण आत भट्टी पेटली, घाम डोळ्यात. बंदच करणार होतो, तेवढ्यात डाव्या अंगानं गार हवा आली. सुनंदानं बाहेरून खाचांले कूलर लावून दिला होता.

वरोऱ्यावर आलो. रेल्वे लाइन दिसली, आपलं घर दिसलं नाई.

"उठा," ती म्हणाली, "मी शोधतो."

तेव्हापासून मी बाहेरच आहो. घर तिलेही सापडलं नाई, पण उतराचं नाव नाई. आत्ता चंद्रपूरवर आहे म्हणते. कूलरचं पाणी संपलं, ओरडून राह्यली. बादली भरतो.