खाकीवर कांबळं

दिग्गी, पेटा सुपे,
ता. ६ नोव्हेंबर १९२७

तीर्थस्वरूप सौ. सावित्रीअक्कास धाकट्या शंकरचे शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे, खानापूरची खुशाली कळव. पत्रास कारण की, शाळेत आठ मुलांचे बालवीर पथक काढले आहे. पुढच्या महिन्यात कारवारचे साहेब तपासणीला येतात. पथक पसंत पडले तर माझी हल्याळला बदली करू म्हणाले आहेत. चंद्राच्या वडिलांची अट तीच आहे, तेव्हा माझे लग्न आता तुझ्या सुईदोऱ्यावर आहे असे समज.

खाकी कापड आणि नऊ कापडी बिल्ले पाठवत आहे, आठ मुलांचे आणि एक माझा. बिल्ला डाव्या खिशाच्या बरोबर मध्यावर हवा. बोटभर सरकला तरी चूक धरतात. निळे रुमाल एका मापाचे कर. दाजींना नमस्कार. लहान भावावरची माया अशीच ठेव.

तुझा,
शंकर


खानापूर,
ता. १९ नोव्हेंबर

चिरंजीव शंकर तम्मास, माझ्या धाकट्या भावास, अनेक उत्तम आशीर्वाद.

कापडं शिवून झाली, बैलगाडीवाल्याकडं दिली हायेत. तुझे दाजी इचारत होते, मास्तरकी सोडून शंकरनं पलटण उभी केली की काय. काजं सगळी चंद्रानं केली. पोरगी गुणाची हाय, पर बाप कडू कारलं. दिग्गीच्या रानात पोर द्यायपरास आडात ढकलीन म्हणतो. हल्याळची बदली दाखवा, मग हळद दळा.

आठ बिल्ले मापात शिवलेत, दोरी धरून बघ. तुझा नववा मात्र घरात सापडंना. मांजरानं नेला असंल. जेवणाची आबाळ करू नको, आणि रागावलास तरी पत्र धाड.

तुझी,
अक्का


दिग्गी,
ता. २७ नोव्हेंबर

ती. सौ. अक्कास सा. न.

अक्का, माझे नशीबच फुटके! गणवेश घालून मुले ओळीने गावात शिरली आणि घटकेत गाव ओस पडला. इथल्या लोकांना खाकी म्हणजे जंगलाचा गार्ड, एवढेच ठाऊक. रान जाळून नाचणी पेरायची कुमरी सरकारने बंद केली आहे, ती हे गुपचूप करतात. गावचा म्होरक्या धाकलू गावकार नाचणीचे पोते घेऊन रानात पळाला, जाताना कोंबड्याही नेल्या. पथकातल्या परशूच्या आईने, सुंदरीने, पोटच्या पोराला ओळखले नाही. हात जोडून आमच्या घरात काही नाही म्हणू लागली. पोर रडायला लागले तेव्हा कुठे तिने त्याला पोटाशी धरले. मग मला काय काय बोलली ते लिहिण्याजोगे नाही.

आता गावाने ठरवले आहे की खाकीवर कांबळे घ्यायचे, म्हणजे आपला माणूस कळेल. इथे बाप्या माणूस कांबळ्याशिवाय फिरत नाही; डाव्या खांद्यावर गाठ आणि खाली गुडघ्यापर्यंत काळे घोंगडे. मग बिल्ला दिसणार कुठून? नियमात कांबळे नाही. तपासणीच्या दिवशी एकाच्याही अंगावर दिसले तर खैर नाही, असे मी बजावले आहे. माझा बिल्ला शोध गं. तू पाठीशी असलीस की धीर राहतो.

तुझा,
शंकर


खानापूर,
ता. ६ डिसेंबर

चि. शंकरास आशीर्वाद.

अरे शाण्या, आधी आईला पोर ओळखू दे, मग सायबाला बिल्ला. आणि एक सांग, कारवारचा सायेब धोतर नेसून येणार हाय व्हय? त्योबी खाकीतच येणार न्हवं? त्याचा काय बंदोबस्त केलास?

मांजरावर उगीच आळ घेतला. बिल्ला चंद्राकडं हाय. मागितला की हसती आणि देत न्हाई. मी काय करू? उलट टपाली खुशाली कळव, जीव टांगणीला लागलाय.

तुझी,
अक्का


दिग्गी,
ता. १८ डिसेंबर

ती. सौ. अक्कास सा. न.

तुझी जीभ काळी आहे. परवा साहेब आले, पायापासून डोक्यापर्यंत खाकी, छातीभर बिल्ले, मागे दोन खाकी शिपाई. धाकलूने नुसती आरोळी दिली. माझी ओळीत उभी असलेली मुले त्यांच्या आयांनी डोळ्यांदेखत ओढून नेली. शिट्टी फुंकून माझे गाल दुखले. पथक कुठे आहे असे साहेबांनी विचारले. रानात आहे म्हणालो, आणि ते खोटेही नव्हते.

शोधायला निघालो. बुटाची नाडी बांधायला साहेबांनी एका काळ्या धोंड्यावर पाय टेकला, तर धोंडा कळवळून उठला! कांबळ्यात परशू होता. मग आसपासचे सात धोंडेही उठले. का लपलात म्हणून विचारले, तर परशू म्हणाला की सायबाकडे बिल्ले पुष्कळ आहेत, पण कांबळे नाही, मग ओळखायचे कसे? आणि त्याने आपले कांबळे काढून साहेबांच्या खांद्यावर गाठ मारली. सगळे बिल्ले झाकले गेले. तेव्हा सुंदरी गूळपाणी घेऊन बाहेर आली.

साहेब बेहद्द खूश! शेरा असा: गणवेश सदोष, खुद्द मास्तरांच्या सदऱ्यावर बिल्ला नाही, परंतु लपण्याच्या विद्येत जिल्ह्यात असे पथक नाही. सबब मास्तरांस येथून हलवू नये, दिग्गीतच कायम करावे.

चंद्राच्या वडिलांना कळवून टाक. तिला चांगले स्थळ मिळो. मला वाईट वाटते अक्का, फार वाटते. साहेब ते कांबळे पांघरूनच गेले, परशूला आईने दुसरे दिले. आता इथे कांबळ्याविना मी एकटाच. आठवण ठेव.

तुझा,
शंकर


खानापूर,
ता. २ जानेवारी १९२८

चि. शंकर तम्मास उदंड आशीर्वाद.

तुझं पत्र मी वाचत हुते तवा चंद्रा शेजारीच बसली हुती. हसून हसून डोळ्यांतनं पाणी आलं तिच्या, आणि शेवट ऐकला तशी ताडकन उठली. घरी जाऊन बापाला म्हणाली, जिथं सायबालाबी आपलं करून घेत्यात, तिथं मला कोण परकं म्हणणार? आणि बदली झाली न्हाई तर न्हाई, कायम तर झालेत न्हवं? बाप आधी तापला, पर आज भटजीला घेऊन आमच्या दारात.

पुडक्यात कांबळं हाय, चंद्रानं निवडलेलं. बिल्लाबी तिनंच शिवलाय, डाव्या अंगाला, दोरी धरून बरोबर मापात, पर कांबळ्याच्या वरनं. नियमात बसत न्हाई म्हणून उसवायचा झाला, तर आता तिला इचारून उसव.

थंडी पडलीया, पांघरून घे. लोभ आता दोघींवर वाटून कर.

तुझी,
अक्का