पपांच्या उपदेशांच्या वह्या

६ जानेवारी २००३, सोमवार
पपांची नववी वही आज उतरवून झाली. अजून पाच. फेब्रुवारीत पपा ऐंशीचे होतील, त्या दिवशी चर्चची मंडळी त्यांच्या उपदेशांचं पुस्तक काढणार आहे. चर्चचे सेक्रेटरी थोरात आज थेट स्टाफरूममध्ये. 'टीचर, वेळेत द्या हं. पेठ-हरसूलहून माणसं येणारेत.' तिकडच्या खेड्यांत पपांनी तीस वर्षं पाळकाचं काम केलं.
बहिऱ्या घंटावाल्याचा उपदेश आज लिहिला. लहानपणी ऐकताना रडायचे, आजही रडले. जन्मभर चर्चची घंटा वाजवली, एकदाही ऐकली नाही. कोणीतरी विचारतं, मग कशाला वाजवतोस? तो म्हणतो, 'मला ऐकू येत नाही, पण माणसं येताना दिसतात.' पपा नेहमी सांगत, हा माणूस मी डोळ्यांनी पाहिलाय.

११ जाने., शनिवार
दहावीच्या मुलींना गॅदरिंगला इंग्रजी कविता हवी. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. कॅफेवाल्या बाई म्हणाल्या, 'मॅडम, नाव टाका, एंटर मारा अन् गप बसा. घाई केली की लटकतं.'
बसले. आणि काय सांगू. एम.ए.ला ज्या पुस्तकांसाठी पुण्याला खेपा घातल्या, लायब्ररीत नंबर लावले, ती अख्खीच्या अख्खी पडद्यावर. कविता, कादंबऱ्या, जुनी ख्रिस्ती पुस्तकं, प्रार्थना, चरित्रं. कोणीतरी बसून टाइप केली असतील. कोण? कोणासाठी? तास कसा गेला कळलं नाही.
उद्या पपांसाठी काहीतरी शोधायचं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण मी मराठीत सांगेन.

१२ जाने., रविवार
चर्च सुटल्यावर पुन्हा कॅफेत. एक जुना उपदेशसंग्रह उघडला. शंभरावर वर्षांपूर्वीचा, कोणा इंग्रज पाळकाचा. पान वरून खाली ओळ-ओळ उतरत होतं.
तिसऱ्या उपदेशात डोंगरातलं गाव. चर्च. बहिरा घंटावाला.
वाटलं, योगायोग. पुढचा उघडला. वाट चुकलेली मेंढी नव्हे, वाट चुकलेला मेंढपाळ. पपांचा. त्यापुढचा, रिकाम्या खुर्चीचा, पपांकडे जेवणाचा रिकामा पाट. तोही पपांचा. सात मोजले, मग मोजायचं सोडलं. कॅफेवाल्या बाईंनी पाणी आणून दिलं.
घरी आले तर पपा ओसरीत उन्हाला बसलेले. 'मिळालं का काही माझ्यासाठी?'
नाही म्हटलं.

१३ जाने., सोमवार
शाळेत लक्ष नाही. पपा खोटं बोलले? ज्या माणसाने दुसऱ्याच्या झाडाची कैरी उचलली म्हणून मला परत पाठवलं होतं?
पण त्याहून मोठा प्रश्न. पपा मराठी सातवी. औषधाच्या बाटलीवरचं नाव मी वाचून दाखवते. मग कसं?
प्रमोदला फोन केला, अंबडला, कंपनीत. भाऊ म्हणून सल्ला काय, तर 'ताई, ऐंशी वर्षांचा माणूस आहे. पुस्तक निघू दे. कोण बघायला जातंय इंटरनेटवर?'
मी गेले ना.

१५ जाने., बुधवार. संक्रांतीची सुट्टी काल झाली, आज रजा टाकली.
विचारलं. कॅफेतून काढून आणलेल्या नऊ प्रिंट्स समोर ठेवल्या, लेखकाचं नाव वाचून दाखवलं आणि विचारलं.
पपांनी कागद उलटसुलट करून पाहिले. मग म्हणाले, 'सापडलं होय? आपल्या पुस्तकाला कव्हरच नव्हतं. लेखकाचं नाव मला आज कळतंय.'
आपल्या पुस्तकाला.
'तुझ्या आईचं होतं ते. लग्नाआधी मिशनच्या बंगल्यावर मडमेकडे होती ना ती, मुलं सांभाळायला. मडमेनं शिकवलं तिला. जाताना पुस्तक देऊन गेली. शनिवारी ती भाकरी थापताना सांगायची, मी चुलीपाशी बसून लिहायचो.'
'आईला इंग्रजी येत होतं?'
'तुझ्याहून चांगलं,' म्हणाले.
'मग आम्हाला कधी...'
'मीच म्हटलं होतं, सांगू नकोस. पाळकाला बायको उपदेश सांगते, लोक काय म्हणतील? ती बरं म्हणाली. तिचं ते नेहमीचं बरं.'

१६ जाने., गुरुवार
काल लिहिता आलं नाही ते आज लिहिते.
मी आणि प्रमोद आईसमोर इंग्रजीत बोलायचो. तिला कळू नये म्हणून. तिच्या नेसण्यावर, तिच्या बोलण्यावर. मी पदवी घेतली तेव्हा समारंभाला माझ्याबरोबर एकालाच नेता येणार होतं. स्वयंपाकघरात, ती समोर असताना, मी प्रमोदला इंग्रजीत म्हटलं होतं, पपांना नेऊ, आई तिथे शोभणार नाही.
दुपारी ती म्हणाली, 'माझं डोकं चढलंय गं. तू आणि पपा जाऊन या.'
शेवंताबाई. माझी आई. जाऊन अकरा वर्षं झाली.

१८ जाने., शनिवार
कॅफेत जाऊन पुन्हा ओळीला ओळ लावली. इंग्रजीत घंटावाला शेवटी म्हणतो, देव ऐकतो. बस. 'माणसं येताना दिसतात' हे त्यात नाहीच. मेंढपाळाला मेंढ्याच घरी आणतात, तेही नाही. जिथे जिथे मी रडले ते एकही वाक्य त्यात नाही.
पपांना विचारलं, ही वाक्यं तुम्ही घातलीत का?
'मी? छे. मी फक्त बोललो.'

२१ जाने., मंगळवार
थोरात नावाचं पान मागतायत. 'रेव्हरंडांचं नाव मोठ्या टायपात हं.' प्रमोद घरी येऊन बसला होता. म्हणाला, आईचं नाव टाकलंस तर पपा चोर ठरतात. पपांचं टाकलंस तर... चहाचा कप खाली ठेवला. त्यालाही ती स्वयंपाकघरातली दुपार आठवली असावी. इंग्रजीत एक शब्द बोललो नाही आम्ही.
पपा आतून म्हणाले, 'मी सांगतो रविवारी. मंडळीसमोर. माझं मी सांगतो.'

२६ जाने., रविवार
शाळेचं झेंडावंदन उरकून चर्चला पोचले. पपा पांढरा कोट घालून व्यासपीठावर. थोरातांनी माईक खाली करून दिला.
पपा म्हणाले, 'मी आज माझ्या बायकोविषयी बोलणार आहे. माझे जे उपदेश तुम्ही ऐकले, ते शेवंताचे...' एवढंच. हुंदका आला. काठी घट्ट धरून उभे राहिले, ओठ हलत होते, आवाज नाही. मी उठले. तेवढ्यात पुढच्या बाकावरच्या हरसूलच्या म्हाताऱ्यांनी गीत धरलं, सगळी मंडळी उभी राहिली, पेटी सुरू झाली.
बाहेर प्रत्येकजण हात हातात घेऊन. 'काय आठवण काढली बाईंची!' 'लय जीव होता पाळकसाहेबांचा, तिच्यासाठीच उपदेश करायचे.' थोरातांचे डोळे ओले. म्हणाले, मंगळवारी प्रेसला द्यायचं, पान तेवढं पाठवा.
रिक्षात पपा दमलेले, पण तोंड कितीतरी दिवसांनी शांत. शरणपूर रोडवर सिग्नलला थांबलो तेव्हा माझ्या हातावर हात ठेवला.
'सांगून टाकलं एकदाचं. कळलं ना गं सगळ्यांना?'