पॅच टिकला

९ जाने. ८९, सोम.
कंबर तशीच. डॉ. म्हणाले, फळीवर झोपा, दोन्ही वेळ शेक घ्या. शाळेत रजेची चिठ्ठी पाठवली. थंडी मरणाची. सकाळी जाग आली तर गादी ओली. आधी भलतंच वाटलं, शरमेने मेल्यासारखं झालं. मग कळलं, शेकायची पिशवी गळतेय. खालच्या शिवणीपाशी चीर. ह्यांना म्हटलं, नवीन आणा. म्हणाले, एवढ्याशा चिरीला नवीन कशाला, सायकलच्या ट्यूबचा पॅच लावून देतो.

१० जाने.
लावला पॅच. नोकरी बांधकाम खात्यात, टेबलाची. जीव मात्र सायकलच्या दुकानात. रबर घासलं, सोल्यूशन फासलं आणि वर दाबायला इस्त्री ठेवली. माझी इस्त्री. बुडाला काळा चिकट डाग, आता शाळेच्या पातळांना लागणार. उशीला, पांघरुणाला, सगळ्याला सोल्यूशनचा वास. भाकरी घशाखाली उतरली नाही.

१२ जाने.
चीर बुजली तर बुचाकडून गळायला लागलं. ह्यांनी वॉशर कापला. कशातून, तर संडासात जायच्या जुन्या स्लिपरमधून. धुतली होती का विचारलं, तर म्हणे उकळतं पाणी ओततोय, त्यात काय राहतंय. ती पाठीखाली घेऊन पडले. शी. पण दुखतं, काय करणार.

१४ जाने., संक्रांत
शालू आली धुळ्याहून. धाकटी बहीण असून आईसारखी ओरडते. तिळगूळ आणला आणि माझ्यासाठी नवीन पिशवी. लाल, आतली पावडरसुद्धा गेलेली नाही. संध्याकाळी शेकलं, कितीतरी दिवसांनी कंबर मोकळी वाटली. ह्यांनी पिशवी उलटीसुलटी केली, बोटाने दाबली. रबर पातळ आहे म्हणाले.

१६ जाने.
काल हे असोद्याला थोरल्या भावाकडे, आबांकडे, जाऊन आले. तेव्हापासून नवी पिशवी दिसेना. कॉटखाली, मोरीत, कपाटात, सगळीकडे शोधली, असल्या दुखऱ्या कमरेने. शेवटी विचारलं. आबांचे गुडघे धरलेत, त्यांना दिली. ‘आपली झालीय ना दुरुस्त.’
मी म्हटलं, माझ्या कमरेचं सांगितलं का आबांना? म्हणाले, तो विषय निघाला नाही.

१९ जाने.
पुन्हा ओलं. आता दुधाच्या रिकाम्या पिशव्या गुंडाळून वरून सुतळी आवळलीय. तापली की नासक्या दुधाचा वास सुटतो. गाठी पाठीत रुततात. शेजारच्या नसीमभाभी बघायला आल्या तर हे पिशवी उलटी धरून त्यांना दाखवतात, थेंब नाही म्हणून. भाभी नाकाला पदर लावून माझ्याकडे बघत होत्या. मला तोंड लपवावंसं झालं. आणि हे खूश.
नव्या पिशवीचं शालूला कळवलेलं नाही. काय कळवू.

२२ जाने., रवि.
दुपारी फुटली. मी पालथी पडलेली, पिशवी कमरेवर. सगळं पाणी पाठीवर. ओरडल्यावर भाभी धावत आल्या. पोलकं कापलं, तांब्याने गार पाणी ओतत बसल्या. हे घरातच होते. पिशवी उचलून खिडकीशी नेली, उजेडात धरली.
‘पॅच टिकला. शिवण उसवली.’
भाभींचा हात थांबला. मग पुन्हा ओतायला लागल्या.
पालथ्यानेच लिहितेय. आग

२४ जाने., धुळे
भाभींनी शालूला निरोप धाडला, ती येऊन मला घेऊन आली. यष्टीत टेकता आलं नाही, पुढच्या दांडीला धरून बसले. इथल्या डॉ.नी पट्टी बदलली. शालूच्या सासूबाई, अक्का, वाकून बघतात नि म्हणतात, ‘हाई पाठ शे का भाजेल पापड?’ हसायला आलं, हसले तर कातडी ओढली. मग शालूला सगळं सांगितलं, असोद्याचंही. तिने भांडी जोरजोरात आपटली.

२९ जाने., रवि.
हे आले. वाटेत एरंडोलला गाडी पंक्चर झाली, ड्रायव्हर-कंडक्टरला चाक बसवता येत नव्हतं, तेच बराच वेळ सांगत बसले. चहा झाला. मग म्हणाले, चल, घराची रया गेलीय. पाठीचं विचारलं नाही. अक्का पलंगावरून म्हणाल्या, दाखाड बरं त्यास्ले. मी वळून बसले, पदर काढला. वळले तर खाली फरशीकडे बघत होते.
मी म्हटलं, ‘असोद्याहून माझी पिशवी घेऊन या. मग बघू.’
‘दिलेली वस्तू परत कशी मागायची? आबा काय म्हणतील?’
‘बायकोची कंबर दुखते म्हणून सांगा.’
नवीन आणतो म्हणाले. नको म्हटलं. तीच पाहिजे. चपला घातल्या. चारच्या गाडीने गेले.
शालू म्हणते, आता आणतील. अक्का म्हणतात, नाही आणायचे. आणली तर जायचं का, हे दोघींनीही विचारलं नाही. मी पण अजून स्वतःला विचारलेलं नाही.