लाल इरकल नेसवून मला चर्चमध्ये न्यावे

मी, सरजाबाई सत्यम वाघमारे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार उदगीर, जिल्हा लातूर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तरीही कोणाला शंका असल्यास मी अजून चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवते, हे येऊन पाहावे. मला मूलबाळ नाही, यजमान वारले. माझी पुतणी सुकन्या हिने या पत्राप्रमाणे सर्व पार पाडावे.

१. शिलाई मशीन, कात्री व बटणांचे डबे सुकन्येला द्यावेत. कात्रीने कागद कापू नये.

२. आमच्या चर्चच्या कमिटीचे अध्यक्ष हणमंतराव यांनी सात वर्षांपूर्वी दारावर पेहरावाच्या नियमांचा फलक लावला. पुरुषांनी कोट, बायकांनी पांढरी साडी, डोक्यावर पदर. भडक रंग नको, हिरव्या बांगड्या नकोत. भर मे महिन्यात उदगीरमध्ये कोट! त्या उन्हाळ्यात दोन म्हातारे डोळे मिटून बसले, ते प्रार्थनेत रंगले असे सर्वांना वाटले. त्यांना घेरी आली होती.

हणमंतरावांचा कोट मीच शिवला. समोरून झकपक, पण आतून पाठीला अस्तर नाही, कारण कापड त्यांनी कमी आणले होते. म्हणून ते घामाने निथळले तरी कोट काढत नाहीत. हे गुपित मी आजवर राखले. आता ते मंडळीच्या स्वाधीन करते. अस्तराचा दीड मीटर तुकडा कपाटात आहे, तो हणमंतरावांना द्यावा.

३. चर्चच्या भिंतीला लागून असलेले माझे दोन खोल्यांचे घर कमिटीला हॉलसाठी हवे आहे. त्यासाठी हणमंतराव दर नाताळला केक घेऊन येतात आणि माझ्या तब्येतीची फार बारकाईने चौकशी करतात. केक चांगला असतो. घर मात्र मी गौरम्माला देत आहे.

४. गौरम्मा कोण, हे कमिटी विचारील, म्हणून लिहिते. ती देगलूरकडची, वीटभट्टीवर कामाला. नव्यानेच उपासनेला येऊ लागली होती. सहा वर्षांपूर्वी प्रभुभोजनाच्या रविवारी ती आपली एकुलती एक चांगली साडी, लाल इरकल, नेसून आली. हातात हिरव्या बांगड्या. तिला दारात अडवले ते हणमंतरावांनी नव्हे. त्या दिवशी दारावर मी होते.

"अक्का, दुसरी न्हाई माझ्याकडं, हीच हाय," ती म्हणाली. "मागं बसते की. कुणाला दिसत न्हाई."

मी फलकाकडे बोट दाखवले. "पांढरी नेसून ये गं."

तिने काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या आणि गेली. मी आत जाऊन पहिल्या बाकावर बसले व प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस घेतला. त्याची मला आजही लाज वाटते. पुढे दोनदा तिच्या घरी गेले. तिने चहा दिला, पण तो विषय काढू दिला नाही. चर्चमध्ये ती पुन्हा आली नाही.

५. घराचा ताबा मिळाल्यावर गौरम्माने दर रविवारी सकाळी नऊ वाजता आपली लाल साडी चर्चच्या बाजूच्या दोरीवर वाळत घालावी. ही अट नाही, विनंती आहे.

६. माझ्या अंत्यविधीची उपासना चर्चमध्येच व्हावी. मला लाल इरकल नेसवावी. मी ती विकत आणून वरच्या फळीवर ठेवली आहे. हातात हिरव्या बांगड्या भराव्यात, डोके उघडे ठेवावे. विधवेला हे शोभते का, असे कोणी विचारल्यास त्यांना कोट काढायला सांगावे. मला घरी जाऊन साडी बदलून येता येणार नाही, हे कमिटीने ध्यानात घ्यावे.

७. त्या दिवशी चर्चच्या दारावर गौरम्माने उभे राहावे. ती यायला तयार नसल्यास सुकन्येने तिच्या पाया पडावे, माझ्या वतीने. कोणाला आत सोडायचे हे तीच ठरवील. तिने मला अडवले, तर माझी पेटी चपलांजवळ उतरवावी. कोणीही तिच्याशी वाद घालू नये.

उदगीर, दिनांक ५ मे २०२५
सही: सरजाबाई सत्यम वाघमारे

वरील मजकूर सरजाबाईंनी आम्हाला वाचून दाखवला व आमच्या समक्ष सही केली. चष्मा लावला नव्हता. कलम चार वाचताना त्या दोनदा थांबल्या.

साक्षीदार:
१. मल्लिनाथ, कापड दुकानदार, शेजारी
२. नागप्पा, निवृत्त शिक्षक, उदगीर