लान्सिंगच्या कायद्याची रंगीत तालीम

ग्रँड रॅपिड्स, रविवार

चि. नफ्ताली यास झेलिगकाकाचे आशीर्वाद. (आशीर्वाद द्यायचा आज मुळीच विचार नव्हता, पण पाकीट तुझी गिटलकाकू चिकटवणार आहे आणि चिकटवण्याआधी ती वाचणार आहे.) तुझी प्रकृती उत्तम असणार. दहा दिवसांपूर्वी गुरुवारच्या पेपरात तू नोकरी करतोस त्या आमदारबाईंच्या शेजारी उभा राहून हसतोयस, ते पाहिलं. गाल वर आलेत. माझी प्रकृती तो फोटो बघेपर्यंत चांगली होती.

तर उन्हाळ्यापुरतं करतो तसं घड्याळ बाराही महिने एक तास पुढंच ठेवायचं, असा कायदा तुम्ही आणताय आणि त्याचा मसुदा तू लिहिलास. संध्याकाळी सगळ्यांना तासभर जादा उजेड मिळेल, असं छापून आणलंस. मिळेल म्हणे. तो उजेड काय तुम्ही तिकडं राजधानीत, लान्सिंगला तयार करता? आमच्या सकाळचा काढायचा, गोल्फवाल्यांच्या संध्याकाळला जोडायचा, आणि वर उपकार केल्याचा आव. जानेवारीत इथं सूर्य सव्वाआठला उगवतो, हे तुला ठाऊक आहे, इथंच वाढलास. तुमच्या कायद्यानं तो सव्वानऊला उगवणार. चार हातांवरचा ओळखीचा माणूस ओळखू येईल एवढं फटफटल्याशिवाय आपली सकाळची प्रार्थना सुरू करता येत नाही, आणि साडेआठला लोकांना कामावर जायचं असतं. आता तूच हिशेब कर, शिकलेला आहेस. जूनमध्ये हेशल गेला तेव्हापासून रोज सकाळी मी त्याच्यासाठी कद्दिश, गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणतो. अकरा महिने म्हणायचं, म्हणजे मे महिन्यापर्यंत. दहा पुरुष हजर नसतील तर ते म्हणता येत नाही, हेही तुला ठाऊक आहे. हेशल तुझा बाप होता, हे तर असणारच.

नुसत्या तक्रारीला तुम्ही भीक घालणार नाही, म्हणून मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. सोमवारी प्रार्थना आटोपल्यावर सिनेगॉगचं घड्याळ तासभर पुढं केलं आणि सगळ्यांना बजावलं की आठवडाभर कायदा लागू झालाय असं समजून वागायचं. (रब्बी फक्त "झेलिग, झेलिग" एवढंच म्हणाले. तीस वर्षं ते मला एवढंच म्हणतात.) मंगळवारी आम्ही मोजून दहा जण. घड्याळात आठ, बाहेर मिट्ट काळोख. प्रार्थनेची शाल पांघरायलाही उजेड लागतो, त्यामुळे शाली काखेत मारून ओव्हरकोटात उभे. फटफटलं की नाही ते ठरवायला मरी लिप्किनला बाहेर पायऱ्यांवर उभं केलं आणि त्याच्यापासून चार हातांवर दंतवैद्य पर्लमटरला. मरीला चष्म्यासकट भर दुपारी स्वतःची गाडी ओळखू येत नाही, हे माझ्या ध्यानात राहिलं नाही.

"रब्बी आहेत," मरी म्हणाला.

"अरे, मी आहे. गेल्या आठवड्यात तुझी दाढ काढली ना मी."

"मग दाढ दाखव."

असा वाद चालू असताना घड्याळात सव्वाआठ झाले. पर्लमटरचा पहिला पेशंट साडेआठचा. सरळ माणूस, कायदा म्हणजे कायदा, शाल घेऊन निघाला. त्याच्यामागोमाग शाळेची बस चालवणारा लायबल. पर्लमटर दवाखान्यात तासभर एकटा बसून राहिला, कारण पेशंट जुन्या वेळेनंच चालत होता. लायबलनं झोपलेल्या घरांसमोर भोंगे वाजवून अर्ध्या गावातल्या आयांच्या शिव्या खाल्ल्या. इकडं आम्ही उरलो आठ. मग फटफटलं. चांगलं स्वच्छ फटफटलं. आठ जण एकमेकांना अगदी व्यवस्थित ओळखत उभे राहिलो आणि घरी गेलो.

त्या दिवशी हेशलचं कद्दिश राहिलं. सात महिन्यांत पहिल्यांदा. आणि तो खाडा लान्सिंगनं नाही पाडला, मी पाडला, माझ्या हातानं काटा फिरवून. बुधवारी घड्याळ मागं केलं, पण तो दिवस काही परत मिळाला नाही. मला स्वतःचा एवढा राग आलाय की तो एकट्याला पुरून उरतो, म्हणून तुझ्याकडं पाठवतोय. ही सगळी हकिकत समितीपुढं वाचून दाखव आणि ते विधेयक मागं घ्यायला लाव.

तुझा (इलाज नाही म्हणून) काका,
झेलिग

ता. क. – गिटलनं पत्र वाचलं. म्हणते, खरं काय ते लिहा. बरं. गेल्या मार्चमध्ये किराणा दुकानाबाहेर तुमच्याच कायद्याच्या बाजूनं सह्या गोळा करत होते, तिथं मी सही केली आहे. वर्षातून दोनदा शिडीवर चढून घड्याळ फिरवायचा कंटाळा आला होता. यादी चाळलीस तर नाव दिसेल, म्हणून आधीच कळवतो.

ता. क. २ – ती म्हणते, पत्राचं खरं कारण हेही नव्हे. मरी पुढच्या सोमवारी लेकीकडं फ्लोरिडाला चाललाय, तो एप्रिलात वल्हांडणाच्या सणापर्यंत यायचा नाही. म्हणजे आम्ही नऊ. लान्सिंगहून इथं यायला गाडीनं सव्वा तास लागतो. रोज ये असं म्हणत नाही. (रोजच म्हणतोय.) आमदारबाईंना सांग, घरी अडचण आहे. कायदा करायचा तर खुशाल कर, मी परत तोंड उघडणार नाही. कद्दिश मला पाठ आहे, पण ते मुलानं म्हणायचं असतं, मी भाऊ आहे. परवा एक परगावचा पाहुणा आला होता. माझं म्हणून झाल्यावर त्यानं हळूच विचारलं, "त्यांना मुलगा नव्हता का?" मी म्हटलं, आहे, लान्सिंगला असतो, कामात असतो. पुन्हा कुणी विचारलं, तर हेच उत्तर द्यायची माझी इच्छा नाही.