समोरच्या खिडकीसाठी कॅमेरा

चि. भाचेराव यांस,

मामाचे आशीर्वाद, आणि आशीर्वादासोबत थोडा राग. राग का, ते पुढे येईलच, आधी क्षेमकुशल. आम्ही दोघंही बरे आहोत. माझा घसा बसला आहे (शेजारी याला चांगली बातमी मानतात). तुझ्या आईचा गुडघा जिना पाहिला की दुखतो, एरवी नाही. तिची भूक उत्तम, झोप उत्तम, आणि स्मरणशक्ती तर माझ्या सगळ्या विरोधकांची मिळून होती त्याहून उत्तम. मी कुठल्या सभेत कुठलं वाक्य विसरलो होतो, ते ती अजून सांगते. सूनबाईंचा खोकला गेला का ते कळव. मुलांना म्हणावं, मामाआजोबांना फोनवर अंगठा पाठवू नका, चार शब्द लिहा.

आता कॅमेरा. तू फोनवर जे बोललास ते जसंच्या तसं मांडतो, म्हणजे उद्या फिरवाफिरव नको. तू म्हणालास, आई रोज दिवस मावळताना आपल्या खिडकीत बसते, मैदानापलीकडच्या बंद पडलेल्या कचेरीच्या खिडकीतल्या माणसाला हात करते, आणि तो माणूसही हात करतो असं सांगते. तुझ्या डॉक्टर मित्राला हे लक्षण ठीक वाटत नाही. तेव्हा (हे तुझेच शब्द) मामा, तू त्या खिडकीचा फोटो काढून पाठव. माणूस दिसला तर आई तुझ्याकडेच राहील. खिडकी रिकामी निघाली, तर मी महिनाअखेरीला येऊन तिला घेऊन जातो आणि इकडच्या निवासात ठेवतो. (तू 'निवास' म्हणालास. वृद्धाश्रमाला वृद्धाश्रम म्हणण्याचंही धाडस या पिढीत उरलेलं नाही.) मी तत्काळ हो म्हणालो. म्हणणारच. खिडकी रिकामी असणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. ज्याने उभं आयुष्य व्यासपीठावरून भुताखेतांच्या चिंधड्या उडवल्या, जो श्रोत्यांना सांगत आला की पुरावा मागा, पुराव्याशिवाय सख्ख्या बापावरही विश्वास ठेवू नका (यावर तुझे आजोबा पहिल्या रांगेतून उठून गेले होते), तो माणूस एका फोटोला नाही म्हणेल? फोन ठेवला, चष्मा पुसला, आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला की मी खरा ठरलो तर माझी बहीण जाते.

तरीही शब्द दिला होता. मोबाइलने काढून पाहिलं, तर मैदान मोठं असल्यामुळे ती खिडकी काडेपेटीएवढी येते, आणि बोटांनी ताणली की रंगांचा चिखल होतो. म्हणून कॅमेरेवाल्याकडे गेलो. हा माझा जुना श्रोता, म्हणजे माझ्या सभा त्याच्या दुकानासमोर व्हायच्या आणि त्याला उठून जाता यायचं नाही. त्याने काचेवर दोन खोकी ठेवली. एकात, ज्याला सुपरझूम म्हणतात तो. मुठीत मावणारा, दिसायला गरीब, पण बटण दाबलं की लेन्स गोगलगाईसारखी बाहेर येत राहते, येतच राहते. दुकानाच्या दारातून मी रस्त्यापलीकडच्या पहिल्या मजल्यावर तो रोखला, तर दातांचे डॉक्टर दोन रुग्णांच्या मधल्या वेळात चॉकलेट खाताना दिसले. मी तिथल्या तिथे तो विकत घ्यायला निघालो होतो. पण कॅमेरेवाला म्हणाला, काका, याचा सेन्सर नखाएवढा, उजेड उतरला की हा आंधळा. दुसऱ्या खोक्यात मिररलेस, त्या जातीतला सगळ्यात स्वस्त. याचा सेन्सर मोठा, याला अंधार चालतो. त्याने मला मागच्या कोठारात नेलं, दिवा न लावता एक फोटो काढायला लावला, आणि फोटोत शिडी, पुठ्ठे आणि माझ्याकडे टक लावून बसलेला एक उंदीर स्पष्ट उमटला. मला डोळ्यांनी त्यातलं काहीही दिसलं नव्हतं. मात्र याच्यासोबत येणारी लेन्स आखूड. मैदान ओलांडायचं तर लांब लेन्स वेगळी घ्यायची, आणि ती पाण्याच्या कळशीइतकी जड.

म्हणजे बघ, एकाला लांबचं दिसतं पण अंधारातलं नाही, दुसऱ्याला अंधारातलं दिसतं पण लांबचं नाही. आणि आपलं काम लांबच्या अंधारात. काका, नक्की काढायचं काय आहे, असं त्याने विचारलं. मी म्हणालो, सत्य. तो म्हणाला, ते किती लांब आहे आणि तिथे उजेड किती, त्यावर ठरेल. (असली वाक्यं मी बोलायची असतात, गिऱ्हाइकाची वाट बघणाऱ्या माणसाने नव्हे. मी त्याला तसं सांगितलं. तो म्हणाला, तुमचंच ऐकून ऐकून झालं.) शेवटी सुपरझूम वापरून बघायला घेऊन आलो.

त्या संध्याकाळी तुझ्या आईशेजारी स्टूल टाकून बसलो. तिने हात वर केला आणि मी बटण दाबलं. फोटोत खिडकी मोठी आली, चौकट आली, आणि चौकटीत नुसते दाणे. काळे दाणे, करडे दाणे, कुणीतरी वाळू फेकल्यासारखे. त्या वाळूत खुर्चीची पाठ म्हणावी तर खुर्चीची पाठ होती, खांदा म्हणावा तर खांदा होता. मी म्हणालो, आक्का, यात काही नाही. तिने चष्मा कपाळावर सरकवला, कॅमेरा नाकाशी नेला आणि म्हणाली, "छान आलाय की. जरा हडकलाय मात्र."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी सरळ तिकडेच गेलो. अर्धवट पुराव्यावर निकाल देणाऱ्यांतला मी नव्हे. कचेरीच्या पहारेकऱ्याने कुलूप काढलं, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही. का, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "माझी ड्यूटी बाहेरची." खोलीत टेबलं नाहीत, कपाटं नाहीत, भिंतीवर पंख्याची वायर लोंबते आहे. खिडकीच्या काचांना आतून चुना फासलेला, बंद दुकानांना फासतात तसा. फक्त एका जागी तळहाताएवढं पुसलेलं. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीला नव्हे, बसलेल्याच्या. त्याच्यासमोर एक फिरती खुर्ची. मी खुर्चीमागे उभा राहून वाकलो आणि त्या पुसलेल्या जागेतून पाहिलं. मैदानापलीकडे आपलं घर, आपली खिडकी, खिडकीत तुझी आई. तिने हात वर केला. तुला खरं सांगतो, माझा हात मला न विचारता वर गेला. त्याच वेळी खुर्ची थोडीशी फिरली, एखादा माणूस मागे कोण आलं ते बघायला फिरतो ना, तेवढीच. (माझा गुडघा लागला असणार. मी गुडघा लावून पाहिला. गुडघ्याने ती फिरत नाही, गंजली आहे. तरीही गुडघाच असणार.) दारातून आवाज आला, "साहेब, झालं असेल तर चला ना." मी निघालो. सभा उधळली गेली तेव्हाही मी इतक्या वेगाने कुठून निघालो नव्हतो.

घरी आलो तर तुझी आई भाजी निवडत बसलेली. मी काही बोलायच्या आत म्हणाली, "आज त्याच्यामागे एक जाडा माणूस उभा होता. नुसता हात हलवत होता. मला नाही आवडला."

मी म्हणालो, "आक्का, तो मी होतो."

"मग मागे कशाला ताटकळलास, बाळ्या? बस म्हणाला नाही का तो तुला?"

यावर मी तिला नजरेचा भ्रम, मनाचा खेळ आणि संध्याकाळच्या प्रकाशाचे गुणधर्म यांवर सविस्तर सांगितलं. माझ्या मते ते माझ्या चांगल्या भाषणांपैकी एक झालं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, दिवा लावू का, तुझा चेहरा दिसत नाहीये.

असो. तर कॅमेरा कोणता घ्यावा, याबद्दल तुझा सल्ला हवा आहे. तू मिररलेसच म्हणणार, तुझी पिढी जे महाग ते बरं मानते. माझं मत सुपरझूमच्या बाजूने झुकतं आहे, आणि त्याला वैचारिक बैठक आहे. तो हलका आहे, तुझ्या आईच्या हातात राहतो. लेन्सा बदलाव्या लागत नाहीत. सामान्य माणसाने एकाच लेन्सने जग पाहावं आणि सुखी व्हावं. शिवाय जो कॅमेरा अंधारातलं सगळं उघडं करून दाखवतो तो मला उद्धट वाटतो. घरात वापरायच्या वस्तूला थोडा आडपडदा असावा. (हे वाक्य मी आयुष्यात कधी लिहीन असं वाटलं नव्हतं, पण लिहिलं आहे, खोडत नाही.)

सर्वांना आशीर्वाद. उत्तर लवकर धाड, आणि सल्ला विरोधी असला तरी मुद्देसूद असू दे.

तुझा,
मामा

ता. क. सल्ला पाठवू नकोस. सुपरझूम घेऊन टाकला. सोबत त्याने काढलेला फोटो जोडतो आहे. नीट बघ. खिडकी रिकामी आहे असं कुणीही प्रामाणिक माणूस या फोटोवरून म्हणू शकणार नाही. तुझ्याच अटीप्रमाणे आई इथेच राहते. विषय संपला.

ता. क. दुसरा. विषय संपलेला नाही, कारण मला झोप नाही. काल कॅमेरेवाला आपणहून आला, मिररलेस, ती कळशीएवढी लेन्स आणि तिपाई घेऊन. एकदा स्पष्ट बघून तरी घ्या, म्हणाला. घेतलं. चुन्यातल्या कुंचल्याच्या रेघा मोजून घ्याव्यात असा फोटो. पुसलेली जागा दिसते, तिच्यातून खुर्चीची फाटकी पाठ दिसते. खुर्चीत कोणी नाही. त्या क्षणी तुझी आई माझ्या शेजारी हात वर करून हसत बसलेली होती. फोटो मी पुसून टाकला. पुरावा मागा म्हणून ओरडत आलेल्या माणसाने पुरावा पुसला, याचं भांडवल करायचं तर कर. व्यासपीठावरून मला खाली ओढायचं तर ओढ. पण तिला नेऊ नकोस. तिला निवासात कुणाशी बोलायचं ते कळणार नाही, आणि मला इथे. हीच विनंती होती, कॅमेरा नव्हता.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवताना तुझी आई मागून आली आणि काय लिहिलंस म्हणाली. वाचून दाखवलं, दुसऱ्या ता. क.सह. ती रागावली नाही. म्हणाली, कॅमेरे बघून तो बाजूला सरतो, लाजतो बिचारा. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आणि अरे, तो मला हात करतच नाही. तुला करतो. तू कागदातून डोकं वर काढत नाहीस, म्हणून मी करते आपली. कुणी रोज हात करावा आणि आपण बघूही नये, बरं दिसतं का? मी गेल्यावर तू करशील ना?"

मी अजून हो म्हणालेलो नाही. दिवस मावळायला आला आहे, आणि ती स्वयंपाकघरात गेली आहे. भाचेराव, तिला नेऊ नकोस.