डावीकडचं अप्पळ

कुंभकोणम्,
पुरट्टासी महिन्यातला दुसरा शनिवार

तीर्थस्वरूप हरिअण्णांच्या चरणी बालकृष्णाचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे, तिकडचं कळवावं. तुमचा गुडघा, वहिनींची साखर आणि सूनबाई प्रीति यांचं हसू (माझं पत्र वाचताना त्यांना जे येतं ते) ही तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. सूनबाईंना सांगा, आमचं मराठी तंजावरच्या राजांबरोबर इकडे आलं, तेव्हापासून पुण्याहून कुणी दुरुस्तीला आलं नाही, त्यामुळे आहे ते असं आहे. माझ्या उजव्या डोळ्याबद्दल तुमच्या बहिणीनं फोनवर काही सांगितलं असेल, तर त्यातलं निम्मं घट म्हणून वजा करा. उभा जन्म मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. कोण किती वाढवून सांगतं हे मला समोरच्याचं तोंड बघूनच कळतं, आणि अलमेलूचं तोंड मी लग्नापासून बघतो आहे.

पत्रास कारण तुमचे चिरंजीव. श्रीकरनं पुण्यातली चांगली नोकरी सोडून इकडे इन्नंबूरच्या तुमच्या नारळीच्या बागेत एअरसॉफ्टचं मैदान काढलं, तेव्हा तुम्ही कपाळाला हात लावलात. मीही लावला होता. थोराड माणसं शिपायाचे कपडे घालून नारळाच्या बुंध्यामागे लपतात, एकमेकांना प्लॅस्टिकच्या गोळ्या मारतात आणि वर पैसे देऊन जातात, हे मला पटेचना. पण आता पटलं आहे, कारण श्रीकरनं मला काम दिलं. लांबून नेम धरायची जी स्नायपर रायफल असते तिला जड गोळी लागते. हलकी वाऱ्यानं भरकटते, जड सरळ जाते. कोइमुत्तूरचा एक नवा कारखानदार अशा जड गोळ्या स्वस्तात देतो म्हणाला, पाकिटावर शून्य पूर्णांक अठ्ठेचाळीस ग्राम असं छापून. श्रीकर म्हणाला, आतोबा, घ्यायच्या आधी तुम्ही पारखून द्या. छापील वजन आणि मी! अण्णा, निवृत्तीनंतर पहिल्यांदा मला कुणीतरी विचारलं. मी त्याच दिवशी खात्यातली जुनी टोपी काढून झटकली.

पहिल्या दिवशी वाटलं, आधी नुसतं मारून पाहावं. निशाण म्हणून अलमेलूनं डब्यातून अप्पळं आणली होती (तुमच्या पुण्याचे उडदाचे पापड, पण इकडचे जास्त पातळ आणि जास्त मानी). दोऱ्यानं अप्पळ टांगायचं, गोळी लागली की कुडुम्म करून फुटतं, कागदी निशाण लागतच नाही. मी पालथा झोपलो, पोटाचं आणि जमिनीचं जमवून घेतलं, दुर्बिणीला उजवा डोळा लावला आणि झाडायला सुरुवात केली. एकही लागली नाही. श्रीकर भला मुलगा आहे, म्हणाला, वारा आहे. बागेत त्या वेळी पानसुद्धा हलत नव्हतं. अलमेलू काप्पीचा फ्लास्क उघडता उघडता म्हणाली, वारा नव्हे, डोळा. मी म्हटलं, डोळा नव्हे, गोळी. मग आमचं तिथेच जुंपलं.

तुम्हाला ठाऊकच आहे, डोळ्याच्या डॉक्टरांनी पोंगलच्या सुमारास सांगितलं होतं की मोतीबिंदू पिकलाय, काढून टाका. मी उन्हाळा जाऊ दे म्हटलं, मग आडी महिन्यात शुभकार्य करत नाहीत म्हटलं (हे शुभकार्य आहे का, असं तुमच्या बहिणीनं विचारलं). त्या दिवशी घरी आल्यावर तिनं हळदीत भिजवलेलं फडकं आणि एक रुपया माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, वेंकटरमणाच्या नावानं नवसाची गाठ बांधा. गोळ्या वाईट निघाल्या तर डोळ्याचं नाव या घरात कुणी काढणार नाही. चांगल्या निघाल्या तर निमूटपणे ऑपरेशन करून घ्यायचं. मीही रागाच्या भरात गाठ मारली, वर देवाच्या फोटोला टांगली. वेंकटरमणाकडे मुदतवाढ मागायची सोय नाही, हे मला नंतर आठवलं.

तेव्हा अण्णा, लक्षात घ्या. कारखानदाराच्या गोळ्या खोट्या ठराव्यात म्हणून जगात एखाद्यानं इतकी कसून परीक्षा घेतली नसेल. प्रथम वजन. पेरिय कडै वीथीतल्या वैद्यनाथ सोनाराकडे गेलो. त्याचा काटा केसाचंही वजन करतो. मूठभर गोळ्या एकेक करून ठेवल्या, सगळ्या छापल्याबरहुकूम. मला काट्याचाच संशय आला. जुन्या सवयीनं खाली वाकून खात्याचा शिक्का तपासू लागलो, तर वैद्यनाथ इतका दुखावला की मागवलेली काप्पी त्यानं स्वतःच पिऊन टाकली. शिक्का चालू सालचा होता. (तारीख मला वैद्यनाथनंच वाचून दाखवली. उजेड कमी होता.)

मग गोलाई. आपल्या घरातलं नवनीतकृष्णाचं जुनं तंजावरी चित्र आहे ना, त्याची काच अशी सपाट की पाणी ओतलं तर वाट शोधत बसेल. चित्र उतरवून टेबलावर आडवं ठेवलं, एका बाजूखाली पंचांग सरकवलं आणि लोण्याच्या मडक्यापासून गोळी सोडली. अंडाकृती असती तर वळली असती. एकजात सगळ्या सरळ देवाच्या पायाशी. अलमेलू हात जोडून उभी राहिली. तिला तो कौल वाटला, मला मात्र काच फारच गुळगुळीत असल्याचं जाणवलं.

पुढे पोट. गोळीच्या आत हवेचा बुडबुडा राहिला तर ती वाकडी जाते, असं श्रीकर सांगत होता. हे अलमेलूला लगेच समजलं, कारण गोकुळाष्टमीला तळतात त्या तांदळाच्या सीडैचं तेच असतं. आत हवा अडकली की तळताना गोळी कढईतून उडते (तुमची अर्धी मिशी ज्या साली गेली ते तुम्ही विसरला नसाल). म्हणून आम्ही पानाच्या डब्यातला अडकित्ता घेतला आणि गोळ्या सुपारीसारख्या फोडायला बसलो. एक अर्धुक माझ्या काप्पीत पडलं, एक शेजारच्या अंगणात गेलं. बाकी सगळ्या आतून भरीव, पांढऱ्या आणि निष्पाप. कारखानदाराचा मला भयंकर राग आला. इतका प्रामाणिक माणूस धंदा कसा करणार?

शेवटी मला दोष सापडला. खिडकीशी बसून भिंग लावून बघतो तर प्रत्येक गोळीभोवती एक धूसर कडं. साच्याची फट नीट बसली नसणार, दुसरं काय! मी ओरडूनच अलमेलूला हाक मारली. तिनं गोळी बघितली, भिंग पुसलं, पुन्हा बघितलं, देवघरात गेली आणि पेटलेली समई घेऊन आली. तिनं मला विचारलं, ज्योतीभोवती काय दिसतं? मी खरं बोलणारा माणूस. म्हटलं, कडं दिसतं.

"मग ही ज्योतही कोइमुत्तूरच्या साच्यातून काढली का?"

अण्णा, मी भिंग डब्यात ठेवून दिलं.

तरी मी शेवटची चाचणी मागून घेतली, मैदानातली. कालच बागेत गेलो. या खेपेला श्रीकरनं दोन अप्पळं शेजारी शेजारी टांगली होती. (श्रीकर म्हणतो एकच टांगलं होतं. मुलं हल्ली बेफिकीर झाली आहेत, आपण काय टांगलं हेही त्यांना आठवत नाही.) मी डावीकडचं धरलं. श्वास रोखला, चाप ओढला, आणि टण्ण असा सुरेख आवाज आला. गोळी तुमच्या आईंच्या काप्पी निववायच्या पितळी टवऱ्याला लागली होती. टवरा डावीकडे, दगडावर होता. पोचा आला आहे, त्याबद्दल मी पाया पडून क्षमा मागतो. पण गोळी किती सरळ गेली बघा. मग अलमेलूनं पदर खोचला, माझ्या हातातून रायफल घेतली आणि त्याच पाकिटातल्या गोळीनं पहिल्याच नेमात अप्पळाचा भुगा केला. श्रीकरनं टाळ्या वाजवल्या. मी अप्पळाचे तुकडे वेचून खाल्ले, कच्चेच.

तर अहवाल असा, की गोळ्या उत्तम आहेत आणि श्रीकरनं खुशाल घ्याव्यात. मुलगा धंद्यात चोख आहे, त्याच्याशी जरा गोड बोलत जा. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो वजनात भरपूर आहे.

आपला,
बालकृष्ण

ता. क. टवरा कल्हईवाल्याकडून ठोकून घेतो. नाही म्हणू नका.

ता. क. दुसरा. मुख्य गोष्ट राहिली. ऑपरेशन पुढच्या शुक्रवारी आहे, राहुकाळ टाळून. अण्णा, मला भीती वाटते. आमच्या आप्पांचा डोळा कापला तेव्हा मी लहान होतो. पट्टी सोडली आणि ते माझं नाव विचारू लागले. आता तसं होत नाही म्हणतात, मला कळतं, पण रात्री कळत नाही. तुम्ही या. बाहेर बाकावर नुसते बसा. नारळाचा हिशेब बघायला आलो म्हणा. अलमेलूला यातलं काही सांगू नका, तिला वाटतं मी कशालाच भीत नाही.

अण्णा, मी अलमेलू. यांनी पत्र टपालात टाकायला दिलं, पण ओळीवर ओळ चढली होती, तुला एक अक्षर लागलं नसतं. म्हणून मी सगळं उतरवून काढलं, माझ्यापासून लपवलेलं सुद्धा, काहीएक न बदलता. त्यांना कळू देऊ नकोस. तू मात्र नक्की ये, आणि दोन आठवडे राहायच्या तयारीनं ये, कारण यांचं झालं की माझा नंबर आहे. अक्षर एवढं मोठं का, ते आता तुला समजलं असेल. यांना इतक्यात सांगायचं नाही, नाहीतर आधी तिचं करा म्हणून उठून घरी येतील. आणि त्या नेमाचं काय ते ऐकून ठेव. अप्पळं मलाही दोन दिसत होती. मी उजवीकडचं धरलं, एवढंच.